ताप आलेली पिशवी

थोरलीच्या नाकाला घरात फार मान होता. दूध नासायच्या आदल्या दिवशीच ती सांगायची, हे उद्या फाटणार. वडील पुस्तकबांधणी करायचे. घराखालच्या तळघरात त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, एक दाबयंत्र, खळीचं भांडं आणि ते स्वतः. खळ आंबली की नाही हे ते बोट बुडवून बघत नसत, थोरलीला हाक मारत. ती जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच नाक वर करून सांगायची, "आज चालेल, उद्या फेका." आणि दुसऱ्या दिवशी खळ फेकावीच लागायची.

धाकटीला असलं काही देणं नव्हतं. तिला तोंड होतं. समोरच्याला बोलण्यात गुंडाळायचं, हसवायचं आणि हवं ते पदरात पाडून घ्यायचं, हे तिला आठव्या वर्षीच जमायला लागलं होतं. त्याच वर्षी तिने खळीचं भांडं एका गिऱ्हाईकाच्या नुकत्याच बांधून झालेल्या जाड वहीवर उपडं केलं. वडील बाहेरून आले तेव्हा दोघी बहिणी टेबलापाशी उभ्या होत्या. "कोणी सांडलं?" असं त्यांनी विचारलं आणि धाकटीने तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "मी." वडील हात उगारणारे नव्हते, ते अबोला धरायचे. थोरलीशी ते अकरा दिवस बोलले नाहीत. त्या अकरा दिवसांत धाकटीच्या तोंडून खरं काही निघालं नाही, आणि थोरलीने नंतर जन्मात कधी तो विषय काढला नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

वडील गेले, दाबयंत्र भंगारात गेलं, तळघराला कुलूप लागलं. थोरलीने लग्न केलं नव्हतं, ती घरातच राहिली. धाकटीने केलं होतं, पण ते टिकलं नाही, आणि चाळिशीत दोन बॅगा घेऊन ती बहिणीच्या दारात उभी राहिली. तोवर तिचे तीन उद्योग करून झाले होते. सुगंधी मेणबत्त्या, मग लहान मुलांचे समारंभाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान, मग शिकवणी. पहिल्यात मेण वितळलं, दुसऱ्यात मुलं कपड्यांवर ओकली, तिसऱ्यात ती स्वतःच कंटाळली. नातेवाइकांत तिचं नाव निघालं की लोक आधी हसून घ्यायचे आणि मग विचारायचे, "आता काय नवीन?"

नवीन होतं मशरूम. बाजारात पाकिटात मिळणारं बटण मशरूम नव्हे, मोठ्या हॉटेलांत जातं ते, शिंपल्यासारख्या पसरट छत्रीचं, राखाडी आणि गुलाबी. धाकटीने कुठेतरी वाचलं की त्याला लागते एक थंड, ओलसर, अंधारी खोली, आणि ती दचकलीच. अशी खोली तर तिच्या पायाखाली होती.

"ताई, या वेळी नाही बुडणार गं," ती म्हणाली.

"तू बुडालीस तर मी आहेच की काठावर," थोरली म्हणाली. "चल, कुलूप काढू."

दोघींनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. शिकवायला एक मास्तर होते, किडकिडीत, दर दोन वाक्यांनी घसा खाकरणारे. शेवटच्या तासाला ते म्हणाले, "बाकी सगळं विसरलात तरी चालेल, दोन गोष्टी विसरू नका. आत जाताना मास्क लावायचा, रुमाल-बिमाल नाही. आणि छत्रीची कड वर वळायच्या आत तोडायचं. कड वळली की ती खालून पांढरी पूड सोडते. ती पूड डोळ्यांना दिसली म्हणजे समजा, पोटभर छातीत गेलेली आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मास्तर, तुमचा खोकला कशाचा?"

"ह्याचाच की. म्हणून तर आता नुसतं शिकवतो," मास्तर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. धाकटी सगळ्यांत मोठ्याने हसली.

काम किचकट होतं, पण थोरलीच्या हाताला ते लगेच बसलं. पेंढा चिरायचा, गरम पाण्यात भिजवायचा, निथळायचा. मग प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर, त्यावर बियाण्याचा, पुन्हा पेंढा, असं गच्च भरून तोंड बांधायचं. बियाणं म्हणजे बुरशी धरलेले गव्हाचे दाणे. पिशव्या अंधारात टांगून ठेवल्या की तीन आठवड्यांत आतून पांढरं जाळं पसरतं, पेंढा दिसेनासा होतो. मग पिशवी उघडायची, पाणी फवारायचं, आणि एक दिवस टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटतात. त्यानंतर सगळं इतक्या भराभर वाढतं की सकाळी पाहिलेलं संध्याकाळी ओळखू येत नाही.

या धंद्याला एकच मोठी भीती असते, हिरव्या बुरशीची. एका पिशवीला ती लागली की दोन दिवसांत शेजारच्या दहांना लागते. लोकांना ती हिरवी दिसते तेव्हा कळते. थोरलीला आधी कळायची, वासावरून. पहिल्याच खेपेला ती एका पिशवीशी थांबली, मास्क हनुवटीवर ओढला, नाक पिशवीला लावलं आणि म्हणाली, "हिला ताप आलाय."

"काय दिसतंय?"

"दिसत काही नाही. पण हिला बाहेर काढ. आजारी पोर वेळेत बाजूला केलं तर बाकीची वाचतात."

पिशवी अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नखाएवढा हिरवा डाग होता, संध्याकाळी तळहाताएवढा. त्या दिवसापासून मास्क खिळ्याला अडकला तो अडकलाच. मास्क लावला तर नाक चालत नाही, आणि नाक नाही तर धंदा नाही, इतका सरळ हिशेब होता. रोज सकाळी थोरली दीडशे पिशव्यांशी एकेक करून वाकायची आणि खोल श्वास घ्यायची. धाकटी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे यंत्र नाही, आमच्याकडे ताईचं नाक आहे." लोकांना ते फार आवडायचं.

आणि धंदा चालला. धाकटीला स्वतःलाच खरं वाटेना. दोन हॉटेलं लागली, मग नदीपलीकडच्या नव्या हॉटेलचे शेफ स्वतः माल बघायला आले. भारी बूट घातलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी एक घोस हातात घेऊन उलटसुलट केला.

"छान आहे. पण हे मिटलेलं आहे. मला उमललेलं पाहिजे. पंजाएवढं, कडेला लाट आलेलं. ताटात एकच ठेवलं की पाहुण्याने खायचं विसरून बघत राहावं."

"कड वळू द्यायची नसते," थोरली म्हणाली. "पूड सोडतं ते."

"पूड धुतली की गेली," शेफ म्हणाले. "बाकीचे सगळे मिटलेलंच देतात. तुम्ही उमललेलं दिलंत तर दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही मी."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला लहानपणापासून वाचता येत होतं. "देऊ की," थोरली म्हणाली. "दोन दिवस जास्त ठेवायचं, त्यात काय मोठंसं."

पंधरा दिवसांत तळघर बदललं. छत्र्या पंजाएवढ्या झाल्या, कडा वर वळल्या, आणि खोलीत धुकं साचायला लागलं. दिवा लावला की त्याच्याभोवती ते हळूहळू फिरताना दिसायचं. वडिलांच्या टेबलावर, फवारणीच्या पाइपावर, खिळ्याला लटकलेल्या दोन्ही मास्कवर पिठासारखा थर बसायचा. थोरली रोज झाडू मारायची, म्हणजे बसलेलं पुन्हा उडवायची. पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन पाचव्या पायरीवरच खोकत उभा राहिला.

"इथे काय गिरणी चालवता काय हो?"

"मशरूम आहेत," धाकटी म्हणाली.

"असतील. पण हा बाहेर फेकणारा पंखा दिवसभर चालू ठेवा. इथे माणसाने उभं राहायचं म्हणजे..." पुढचं त्याच्या खोकल्यात गेलं.

पंखा दोन दिवस चालू ठेवला. हवा सुकली, छत्र्यांच्या कडा तडकल्या, शेफने अर्धा माल परत पाठवला. तिसऱ्या दिवशी पंख्याचं बटण बंद करायला धाकटीने थोरलीला सांगितलं नाही. ते तिने स्वतःच केलं.

थोरलीचा खोकला सुरू झाला तो कोरडा होता. त्यात काही विशेष नव्हतं, हवा बदलली होती, सगळं गावच खोकत होतं. मग ताप येऊ लागला. सकाळी तोडणी, दुपारी जेवण, आणि चारच्या सुमाराला तिला हुडहुडी भरायची. दोन पांघरुणं घेऊन ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि सकाळी उठून पुन्हा खाली जायची. दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. "वय झालं," ती म्हणायची. वय होतं अठ्ठेचाळीस.

जिना तेरा पायऱ्यांचा. माल घेऊन वर येताना ती आधी नवव्या पायरीवर थांबायला लागली, मग सहाव्या. थांबली की डावा हात भिंतीला टेकायची. हाताला पूड असायची, त्यामुळे भिंतीवर तिच्या पंज्याचे पांढरे ठसे उमटायचे, आधी वर, मग रोज जरा खाली. धाकटी सकाळी ओल्या फडक्याने ते पुसून टाकायची. का पुसते आहे हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

हाका मारणंही थोरलीने सोडलं. पूर्वी ती खालून असा आवाज द्यायची की शेजारीण दार उघडायची. आता ती तोडणीच्या सुरीने जिन्यालगतच्या लोखंडी पाइपावर ठोकायची. एक ठोका म्हणजे क्रेट आण, दोन म्हणजे तू ये. "ओरडायचा कंटाळा येतो गं," असं तिचं म्हणणं. धाकटीनेही ते मान्य केलं, कारण मान्य करणं सोपं होतं.

मग मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि थोरली आठ दिवस तिच्याकडे राहायला गेली. चौथ्या दिवशी फोनवर तिचा आवाज ऐकून धाकटीला वाटलं, मावशीच बोलतेय की काय, इतका तो मोकळा होता. ताप नाही, खोकला नाही. मावशीच्या घराचे तीन मजले ती दिवसातून चारदा चढत-उतरत होती. आठव्या दिवशी ती परतली ती गालांवर रंग घेऊन. आल्या आल्या पदर खोचून खाली गेली, "बघू माझ्या पोरी काय म्हणतात," आणि दोन तास पिशव्या हुंगत बसली. त्याच दिवशी चार वाजता तिला हुडहुडी भरली.

धाकटी तिच्या उशाशी बसली होती. तिला त्या क्षणी सगळं कळलं. मास्तरांचं वाक्य, वर्गाचं हसणं, वायरमनचा खोकला, आठ दिवसांचा मोकळा आवाज, सगळं तिच्यासमोर एका ओळीत येऊन उभं राहिलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं. शेफच्या हॉटेलात तीन आठवड्यांनी मोठी जेवणावळ होती, बाहेरगावचे खाण्यावर लिहिणारे लोक येणार होते, आणि मेन्यूत दोघी बहिणींचा उल्लेख छापला जाणार होता. धाकटीने तो नमुना पाहिला होता. "आता काय नवीन?" विचारणाऱ्या सगळ्यांना ती तो पाठवणार होती.

तीन आठवडे, ती मनाशी म्हणाली. तेवढं झालं की ताईला खाली पाऊल टाकू देणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मांजराला निदान भूक तरी लागलेली असते.

ती थोरलीला डॉक्टरांकडे मात्र घेऊन गेली, कारण मन खात होतं. डॉक्टर घरचेच, वडिलांपासूनचे. त्यांनी नळी पाठीला लावली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा लावली. मग नळी कानातून काढून टेबलावर ठेवली.

"आवाज येतोय खाली. बारीक, चरचर असा. सध्या काही कामबिम करता का? धूळ, धूर, पीठ, असं काही?"

थोरलीने सांगण्यासाठी श्वास आत घेतला. आजकाल तिला बोलण्याआधी तेवढा वेळ लागायचा.

"घरीच असते ती," धाकटी म्हणाली.

ते इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. थोरलीचं तोंड उघडं होतं ते तिने मिटलं. डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं, छातीतला कफ म्हणून गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले.

परतताना दोघी रस्त्याच्या कडेने चालत होत्या. थोरली प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबत होती. धाकटी वाट बघत होती, आता ती विचारेल, आता विचारेल. घराच्या फाटकाशी आल्यावर थोरली म्हणाली, "गोळ्या कडू असतील तर मी घेणार नाही, आधीच सांगते." एवढंच.

जेवणावळ झाली. मेन्यूत नाव छापून आलं, धाकटीने ते सगळ्यांना पाठवलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. त्या आठवड्यात आणखी एका हॉटेलचा फोन आला. एवढी एक तोडणी, मग तेवढी एक. पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जायचं राहिलं. गोळ्यांनी थोडा आराम पडला होता, निदान दोघींनी तसं ठरवलं होतं.

एका सकाळी धाकटी क्रेट ठेवायला खाली गेली. थोरली पिशव्यांच्या दुसऱ्या रांगेत वाकून हुंगत होती, डोळे मिटून, नेहमीसारखी. एका पिशवीशी वाकली, "ठीक," म्हणाली आणि पुढे सरकली. धाकटी त्या पिशवीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिच्या बाजूने पिशवी वरपासून खालपर्यंत हिरवी होती.

"ताई."

"काय गं?"

"हिला ताप नाही?"

थोरलीने वळून पाहिलं. मग तिला धाकटीच्या डोळ्यांत दिसलं, आणि ती पिशवीला वळसा घालून या बाजूला आली. बराच वेळ ती त्या हिरव्याकडे बघत राहिली.

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झालीय थोडे दिवस."

"किती दिवस ताई?"

"दूध नासलेलं कळलं नाही मला," थोरली म्हणाली. "महिना झाला असेल." तिने हसायचा प्रयत्न केला आणि त्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत तिने टेबल धरून ठेवलं. "म्हटलं, तुला कळलं तर काय उपयोग माझा इथे? नाकाशिवाय मी कोण गं, नुसती पेंढा भरणारी बाई."

म्हणजे महिनाभर ती नुसती वाकत होती. दीडशे पिशव्या, दीडशे खोल श्वास, आणि त्यातून हाती काही लागत नव्हतं. धाकटीला रडू आलं, खरंखुरं. तिने थोरलीचा हात धरला. "बस झालं. उद्यापासून तू वर बसायचं. मी बघते खालचं."

"उद्या पिवळ्या गाडीचा दिवस," थोरली म्हणाली. पिवळी गाडी म्हणजे शेफची. "तुला एकटीला चाळीस घोस तोडून व्हायचे नाहीत. उद्याचं होऊ दे. परवापासून बसते वर, तू म्हणशील तशी."

धाकटीने नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणायला एक शब्द लागतो आणि ती तर तोंडाची राणी. ती म्हणाली, "नक्की ना, परवापासून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गाडी यायची होती. उन्हं अंगणात आली होती, धाकटी वर क्रेटमध्ये कागद अंथरत होती. खालून एक ठोका आला, ती क्रेट देऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा एक. मग गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला, तो पत्त्यात चुकला होता, त्याला वळण सांगण्यात पाच-सात मिनिटं गेली. बोलता बोलता तिला पाइपावर दोन ठोके ऐकू आले. दोन म्हणजे तू ये. "आले गं!" ती फोनवर हात ठेवून ओरडली आणि ड्रायव्हरला पुन्हा सांगायला लागली, पेट्रोल पंपापासून डावीकडे. आणखी दोन ठोके आले, हलके. मग एक अगदीच अर्धवट, सुरी पाइपावरून घसरल्यासारखा.

तिने फोन टाकला. थोरली चौथ्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ शाईच्या रंगाचे झाले होते. तिचे केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या होत्या. भिंतीवर एकच ठसा होता आणि तो पाचव्या पायरीपर्यंत पोचला नव्हता. ती बोलू शकत नव्हती. श्वास आत जायला वाट शोधत होता, एवढंच ऐकू येत होतं.

पिवळ्या गाडीतूनच तिला इस्पितळात नेलं. चाळीस उमललेले घोस अंगणात उन्हात राहिले.

इस्पितळात तिला लगेच आत घेतलं. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क लावला, छातीचे फोटो काढले. दुपारी फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, थकलेल्या, केस कसे तरी वर बांधलेल्या. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. धाकटीला त्यात काही कळत नव्हतं. तिला फक्त दिसलं की जिथे काळं असायला हवं असं तिला उगाच वाटत होतं, तिथे पांढरं होतं. जाळ्यासारखं, कोपऱ्याकोपऱ्यात पसरलेलं. पेंढा दिसेनासा झाला की पिशवी तयार, असं मास्तरांनी शिकवलं होतं.

"हे एका दिवसाचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही महिन्यांचं आहे. श्वासातून सतत काहीतरी जातंय आत, त्याशिवाय असं होत नाही. सूज असेल ती औषधांनी उतरेल. पण हे इथलं..." त्यांनी बोटाने फोटोचा खालचा भाग दाखवला. "हे घट्ट झालंय. हे मोकळं होत नाही." मग त्या पलंगाकडे वळून थोरलीवर वाकल्या आणि जरा मोठ्याने म्हणाल्या, "ताई, तुम्ही काम काय करता? घरी कबुतरं आहेत? धान्याची, लाकडाची धूळ? बुरशी? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरेल."

थोरलीने डोळे उघडले. तिने आधी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या धाकटीकडे. मग हळूच हात वर आणला, मास्क दोन बोटांनी बाजूला केला आणि एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली, "घरीच... असते... मी."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर धाकटी तो सोसू शकली असती. ते खळीच्या भांड्याशेजारचे डोळे होते, पस्तीस वर्षांपूर्वीचे, वडिलांकडे बघत "मी" म्हणणारे. धाकटीला तळघराचा वास आला, तिथला ओला, गोडसर, पेंढ्याचा वास, इस्पितळाच्या त्या खोलीत, आणि तिला भीती वाटली की आता आपण गप्प बसू. गप्प बसणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. आवाज अनोळखी निघाला. "मशरूम लावतो आम्ही. तळघरात. बंद खोलीत. पंखा मी बंद केला. ती मास्क लावत नाही, कारण ती हुंगून... तिचं नाक..."

थोरलीने मास्क परत लावला आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी लिहायला घेतलं. "कधीपासून?"

"दहा महिने."

"त्रास कधीपासून?"

"सहा... सहा महिने झाले असतील."

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी हिशेब केलेला दिसला. तीन-चार महिन्यांपूर्वी हे थांबवलं असतं तर, हे त्या बोलल्या नाहीत, पण ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. त्यांनी विचारलं ते दुसरंच.

"मग इतके दिवस कोणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं होतं. आमच्या डॉक्टरांना."

"आणि त्यांना सांगितलं नाहीत, मशरूमचं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "की त्यांनी विचारलंच नाही?"

उत्तर समोर मांडून ठेवलेलं होतं. त्यांनी विचारलंच नाही, एवढं म्हणायचं, मान खाली घालायची, बस. म्हातारे डॉक्टर इथे नव्हते. आणि थोरलीने डोळे पुन्हा उघडले होते, मान हलवायच्या तयारीत.

"त्यांनी विचारलं होतं," धाकटी म्हणाली.